अर्ध्या बाणांचा लॅपटॉप

सोमवार, ९ जानेवारी

कटकट्या,

आधी ‘प्रिय’ लिहिलं होतं, मग खोडलं. गेल्या वेळी मी आले तेव्हा तू ताटली ढकललीस, माझा हात झटकलास आणि भिंतीकडे तोंड करून पडलास. त्यानंतर ‘प्रिय’ लिहायची माझी मलाच लाज वाटली. वाचा गेलेल्यांना पुन्हा बोलायला शिकवतात त्या तुमच्या इस्पितळातल्या बाई, ज्यांच्या हुद्द्याचं नाव मला उच्चारता येत नाही म्हणून मी त्यांना बोलवणाऱ्या बाईच म्हणते, त्या मला व्हरांड्यात गाठून म्हणाल्या, “ताई, तुम्हाला पाहिलं की ते जास्त बिथरतात. थोडे दिवस येऊ नका. त्यापेक्षा पत्र लिहा. वाचता थोडंफार येतं त्यांना.” म्हणजे मुलगी एवढी मोठी झाल्यावर मला नवऱ्याला पत्र लिहायची वेळ आली. तुझ्या मेंदूतली एक नस तुंबली, तुझा उजवा हात गेला, शब्द गेले, आणि माझी घरातल्या घरात भांडायची सोय गेली.

असो. कामाचं बोलू. तुझा लॅपटॉप गेला.

चोरीला नाही गेला. तुझ्या हाताखालचा चष्मिस न्यायला आला होता. दारातच उभा राहिला, पाणी मागितलं आणि प्यायला नाही. “वहिनी, वरून सांगितलंय. ऑफिसची वस्तू आहे, परत जमा करायची.” मी म्हटलं, ने बाबा, तुझा काय दोष. टेबलावरून उचलून त्याच्या हातात देताना बटणांच्या फटीतून तुझ्या बिस्किटांचा चुरा खाली पडला. ‘लॅपटॉपवर बसून खाऊ नकोस’ म्हणून मी किती डोकं फोडलं होतं, पालथ्या घड्यावर पाणी. चष्मिसने वाकून तो चुरा हाताने गोळा केला, कुठे टाकावा ते त्याला सुचेना, शेवटी त्याने तो स्वतःच्या खिशात टाकला. जाताना म्हणाला, “सर येतील ना वहिनी परत कामावर?” मी म्हटलं, “येणार म्हणजे काय, येणारच.” दुसरं काय म्हणणार होते?

एकदा येणारच म्हटलं की लॅपटॉप लागणारच. तेव्हा मी नवीन घ्यायचं ठरवलं आहे. तुझे दादा म्हणाले, “त्याला स्वतःचं नाव सांगता येत नाही आणि तू त्याला लॅपटॉप घेतेस?” मी म्हटलं, नाव सांगायला लॅपटॉप लागत नाही, कामाला लागतो. जाताना त्यांनी लेकीच्या डोक्यावरून असा हात फिरवला की मला ते मुळीच आवडलं नाही.

काल दुकानात गेले होते. तिथल्या मुलीने मला काकू म्हटलं, तिथेच पहिली ठिणगी पडली. “काकू, कशासाठी हवाय? सिनेमे बघायला की मुलांच्या अभ्यासाला?” मी म्हटलं, “रोजच्या प्रोग्रॅमिंगच्या कामाला.” तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझ्या गळ्यात मोजपट्टी तशीच होती, मशीनवरून उठून गेले होते ना. “काम कोण करणार?” “नवरा.” “मग त्यांनाच घेऊन या की. प्रोग्रॅमिंगवाले स्वतः बटणं दाबून बघितल्याशिवाय घेतच नाहीत.” खरं बोलली बया. मी म्हटलं, तो बाहेरगावी असतो. ते काही खोटं नाही.

तुझी नाटकं मला पाठ आहेत, पण ती सगळी नकाराची. काय नको ते मला कळतं, काय हवं ते कुठे कळतं? चकाकणारा पडदा नको, त्यात स्वतःचं तोंड दिसतं. उजवीकडे आकड्यांची वेगळी बटणं नकोत, त्यांच्यापायी सगळा कीबोर्ड डावीकडे सरकतो. आणि ते अर्ध्या बाणांचं प्रकरण! ऑफिसने तुला नवा, सडपातळ लॅपटॉप दिला होता आणि तू तो परत करून जुनाच घेऊन आलास, कारण काय, तर वर जायचा बाण आणि खाली जायचा बाण अर्धा अर्धा करून एका बटणाच्या जागेत कोंबलेले. जेवताना तू त्यावर भाषण ठोकलंस. “माणूस दिवसभर करतो काय? वर जातो, खाली येतो, वर जातो, खाली येतो! आणि ह्यांनी जागा वाचवली कुठे, तर इथे!” लेक चमचा वर-खाली करत तुझी नक्कल करत होती आणि तुला ते कळलंही नाही, एवढा तू तापला होतास.

आणि मग तुझं ते ठरलेलं वाक्य. “हे कुणी केलं?” टूथपेस्टचं टोपण उघडं राहिलं, हे कुणी केलं? माझी कापडाची कात्री कागद कापायला वापरली गेली, हे कुणी केलं? (ती तूच वापरलेली असायची.) चष्मिस सांगत होता, ऑफिसातही तसंच. एखादी वाकडी ओळ दिसली की सर गरजणार, “हे कुणी केलं?” आणि तो न बघताच म्हणणार, “मी नाही, सर.” मग शोधाशोध व्हायची आणि बहुतेक वेळा निघायचं तुझंच नाव, कधीतरी जुन्या काळी तूच लिहून ठेवलेलं. हे सांगताना तो हसला, आणि मग चष्मा पुसत बसला.

तर मला सांग, कोणता घेऊ. कसंही सांग. बोटाने, डोळ्याने, बाईंना सांग, भिंतीला सांग. पण सांग.

तुझी, अजून तरी, बायको

शुक्रवार, २० जानेवारी

कटकट्या,

बाईंचा फोन आला. तू पत्र हातात घेतलंस. पहिलं पान बघितलंस. मग उशीखाली ठेवलंस.

बाई म्हणाल्या, “ताई, वाक्यं फार लांब आहेत. शेवटाला पोचेपर्यंत त्यांची सुरुवात निसटते. एका वाक्यात एकच गोष्ट लिहा.”

ठीक आहे. आखूड करून देणं हा माझा धंदाच आहे. पँटी करते, वाक्यंही करेन.

मी चष्मिसला घेऊन दुकानात गेले. त्याने मला सगळं समजावलं. मेमरी म्हणजे कापायचं टेबल. टेबल मोठं असलं तर सगळं कापड एकदम पसरता येतं. छोटं असलं तर सारखं उचला, ठेवा. साठवण म्हणजे कपाट. कपाट मोठं असून टेबल छोटं असलं तर उपयोग नाही. हे मला लगेच कळलं. तू इतकी वर्षं का नाही असं सांगितलंस? तू नुसता म्हणायचास, तुला नाही कळणार.

काही लॅपटॉपमध्ये मेमरी पुढे वाढवता येत नाही. आतच चिकटवून टाकलेली असते. मी म्हटलं, म्हणजे शिवणीत माया सोडलेली नाही. माणूस जाड झाला की संपलं. चष्मिस म्हणाला, “वहिनी, बरोब्बर.” मला फार बरं वाटलं.

दोन बाजूला काढले आहेत.

एक काळा. जाड आहे. जड आहे. दिसायला म्हशीसारखा आहे. बटणं खोल जातात, आवाज छान येतो. बाण पूर्ण आहेत, चारही. मेमरी वाढवता येते. पडदा चकाकत नाही.

दुसरा करडा. हलका आहे. एका हाताने उचलता येतो. हे मी मुद्दाम लिहिते आहे. डाव्या हाताने उचलून बघितला. मेमरी मात्र वाढवता येत नाही. बाण पूर्ण आहेत.

सोबत एक कागद आहे. दोन चौकोन काढले आहेत. एकाखाली काळा, एकाखाली करडा. तुला हवा त्यात रेघ मार. डाव्या हाताने मार. वाकडी आली तरी चालेल. चौकोनाच्या बाहेर गेली तरी चालेल. मी ओळखेन.

दुकानातल्या मुलीने विचारलं, “काकू, ठरलं का?” मी म्हटलं, “त्याच्या रेघेची वाट बघते आहे.”

लेक बरी आहे. तुझ्या खुर्चीत बसून अभ्यास करते. घर फार शांत आहे. मला वाटायचं तुझी बटणं बंद झाली की मला सुख लागेल, दिवसभर तुझी ती कटकट आणि वर माझं मशीन, दोघांच्या आवाजात रेडिओसुद्धा ऐकू यायचा नाही, आणि आता मशीन थांबवलं की मला मधेच दचकायला होतं, कारण... बघ, लांबलं वाक्य. उसवते आणि पुन्हा लिहिते.

घर फार शांत आहे. मला ते आवडत नाही. रेघ मार.

बायको

मंगळवार, ३१ जानेवारी

आज छोटी वाक्यं जमणार नाहीत. वाचू नकोस हवं तर.

कागद कोरा परत आला. मी तो उजेडात धरला, उलटा करून पाहिला, म्हटलं पेन्सिल नुसती टेकवून उचलली असशील, एखादा खड्डा तरी दिसेल. काही नाही. तुझ्या हातात तो गेला होता की नाही, हेही कळू नये इतका स्वच्छ होता.

काल मला आणि दादांना तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं होतं. आम्ही खालच्या मजल्यावर होतो, तू वर होतास. तुला भेटू नका म्हणाले, म्हणून वर आले नाही. जिन्याशी उभी राहून परत फिरले, हे तुला कुणी सांगणार नाही म्हणून मी सांगते. डॉक्टर सज्जन आहेत. त्यांनी हळू आवाजात सांगितलं की शिकवायच्या विभागात खाटा थोड्या आहेत, आणि जो माणूस स्वतःहून काहीच करत नाही, पाटी पुढे केली तर बघत नाही, चमचा दिला तर धरत नाही, त्याला तिथे ठेवून उपयोग नसतो. येत्या आठवड्यात काही हालचाल दिसली नाही तर तुला मागच्या इमारतीत हलवतील. तिथे अंघोळ घालतात, भरवतात, कूस बदलतात. शिकवत नाहीत. मी विचारलं, तिथून परत शिकवायच्या विभागात येतात का लोक? डॉक्टरांनी दादांकडे पाहिलं. दादा म्हणाले, “अगं, निदान नीट काळजी तरी घेतील.” मी तिथे आवाज चढवला. काय बोलले ते मला आठवत नाही.

बाई मात्र माझ्यामागे फाटकापर्यंत आल्या. म्हणाल्या, “ताई, मला त्यांच्या न बोलण्याची काळजी नाही. ज्यांचे शब्द गेलेत त्यांच्याही तोंडून कधीकधी एखादं तयार वाक्य आपोआप सुटतं. शिवी, गाण्याची ओळ, रोजच्या सवयीचं काहीतरी. रागाच्या भरात तर हमखास. पण हे हल्ली रागावतच नाहीत. तुम्ही आलात तेव्हा ताटली ढकलली, तो शेवटचा राग. तुमच्यावर बिथरले म्हणून मी तुम्हाला येऊ नका म्हटलं. आता वाटतं, चुकलं माझं.”

आणखी एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवली होती, ती आता लपवून काय होणार आहे. तुझी जागा त्यांनी चष्मिसला दिली. लॅपटॉप न्यायला आला तेव्हाच ते ठरलेलं होतं आणि तो मला सांगू शकला नाही, आणि मला ते कळल्यावर मी तुला सांगू शकले नाही. पण तो तुझ्या खुर्चीवर बसत नाही. शेजारी स्टूल ओढून बसतो. म्हणतो, पाठ दुखते, पण सवय होईल.

सवय. मला तुझ्या मरणाची भीती वाटली होती त्या पहिल्या दिवशी, ती वेगळी होती, ती सरळ होती. आताची भीती अशी आहे की तू मागच्या इमारतीत जाशील, मी दर रविवारी फळं घेऊन येईन, तू भिंत बघशील, मी तुझी नखं कापीन, बसची वेळ झाली की उठेन, आणि एक दिवस मला त्याची सवय होईल. लोक म्हणतील, किती खंबीर आहे. मला खंबीर व्हायचं नाही. मला माझा नवरा परत हवा आहे, तो कटकट्या, खडूस, अर्ध्या बाणांवरून जेवण थंड करणारा.

आज घराच्या पुढच्या खोलीतल्या माझ्या दुकानात एका गिऱ्हाइकाच्या पँटीचा एकच पाय मी दोनदा कापला. मापाला दुसरा पाय लावला तेव्हा कळलं. इतक्या वर्षांत असं कधी झालं नाही. तो भला माणूस म्हणाला, होतं असं. तो गेल्यावर मी दार लोटून घेतलं आणि त्या तुकड्यांमध्ये खाली बसून रडले. तू असतास तर विचारलं असतंस, “हे कुणी केलं?” आणि मी म्हटलं असतं, मी केलं, माझं दुकान आहे, माझी कात्री आहे, तुला काय करायचंय? आणि मग भांडलो असतो, आणि मग चहा केला असता.

मला शिवी दे. मला हाकलून दे. पण असा कोरा कागद पाठवू नकोस रे.

शुक्रवार, ३ फेब्रुवारी

कटकट्या,

आनंदाची बातमी. लॅपटॉप घेतला!

तू काही सांगितलं नाहीस. मग मी माझ्या पसंतीने घेतला.

काळा नाही घेतला. करडाही नाही. तिसराच घेतला. सोनेरी आहे. खूप गोड दिसतो.

पडदा काचेसारखा चमकतो. त्यात बघून भांगसुद्धा पाडता येतो.

उजवीकडे आकड्यांची वेगळी बटणं आहेत. कीबोर्ड थोडा डावीकडे सरकला आहे. मला तर छानच वाटलं.

बाण फार नाजूक आहेत. वरचा आणि खालचा अर्धा अर्धा. एकाच बटणात दोन बसवले आहेत. केवढी जागा वाचली!

मेमरी कमी आहे. वाढवता येत नाही. पण आपल्याला कशाला हवी एवढी?

चार्जर मात्र केवढा थोरला. नाकापेक्षा मोती जड.

चष्मिस रडकुंडीला आला. म्हणाला, “वहिनी, सर मला मारतील.” मी त्याचं ऐकलं नाही. बायकांना रंगातलं जास्त कळतं.

मी आत, बटणांखाली फुलाचा स्टिकर लावला आहे. मधोमध.

मला तिथे यायला बंदी आहे. रविवारी चष्मिस घेऊन येईल. आता हाच तुझा रोजच्या कामाचा लॅपटॉप.

कसा वाटला ते कळव.

बायको

सोमवार, ६ फेब्रुवारी

कटकट्या,

छोटी वाक्यं लिहिते. हळू वाच. बाईंजवळ बसून वाच.

काल काय झालं ते तुला माहीत आहे. तू तिथेच होतास. पण मला ते सांगायचंच आहे. मी तिथे नव्हते. मला बाईंनी सांगितलं. मग चष्मिसने सांगितलं. मग मी बाईंना पुन्हा फोन करून पुन्हा सांगायला लावलं.

चष्मिसने लॅपटॉप तुझ्या मांडीवर ठेवला. तू बघितलं नाहीस. त्याने तो उघडला. पडद्यात तुझं तोंड दिसलं. तू मान फिरवलीस. बाई म्हणाल्या, एवढ्यानेच त्यांना बरं वाटलं. मान भिंतीकडे नाही, खिडकीकडे फिरवली होतीस.

मग चष्मिसने एक जुना प्रोग्रॅम उघडला. तुम्ही दोघांनी लिहिलेला. त्यात एक चूक त्याला सापडत नव्हती. खरंच सापडत नव्हती, नाटक नव्हतं. तो एकटाच पुटपुटत खाली खाली जात राहिला. तू बघत होतास. मग तो चुकीच्या ओळीवर थांबला. तू डावा हात उचललास.

बाईंनी श्वास रोखला म्हणे.

तुला वर जायचं होतं. तू बाण दाबलास. तो खालचा दाबला गेला. तू पुन्हा दाबलास. पुन्हा खालीच. पुन्हा दाबलास. मग तू बटणांकडे नीट बघितलंस. ते फूल बघितलंस. तुझ्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मला माहीत आहेत त्या पाळ्या.

आणि तू म्हणालास, “हे कुणी केलं?”

अख्खं वाक्य. तिन्ही शब्द. मोठ्याने. पलीकडच्या खाटेवरचे आजोबा उठून बसले.

आणि चष्मिस म्हणाला, “मी नाही, सर.”

तो म्हणतो, ते त्याच्या तोंडून आपोआप निघालं. मग तो रडायला लागला. बाईही. तुला काहीच कळेना. तू पुन्हा बोलायला गेलास. काही आलं नाही. तोंड नुसतं हललं. मग तूही रडलास.

बाईंनी मला स्पष्ट सांगितलं. फार आशा धरू नका, ताई. हे सवयीचं वाक्य आहे. ते आपोआप सुटलं. ह्याचा अर्थ बाकीचे शब्द येतीलच असा नाही. कदाचित येतील, कदाचित थोडेच येतील. हातही किती येईल सांगता येत नाही. मी म्हटलं, कळलं. मला खरंच कळलं आहे. मी वेडी नाही.

पण तुला मागच्या इमारतीत नेत नाहीत. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं. रुग्णाने स्वतःहून हात उचलला. रुग्ण रागावला. दादांनी फोनवर ऐकलं आणि त्यांना बोलता येईना. तुमच्या घराण्यातच ते दिसतंय.

आता माझं ऐक. मला सोनेरी रंग आवडत नाही. मी त्या दुकानातल्या मुलीला विचारलं होतं, “प्रोग्रॅमिंगवाले सगळ्यात जास्त शिव्या घालतात तो कोणता?” ती पहिल्यांदाच हसली. सरळ ह्याच्याकडे गेली. मी कारण सांगितलं. ती म्हणाली, “नाही चिडले तर परत आणा, ताई. मी बदलून देईन.” काकूची ताई झाले.

काळा तिने बाजूला ठेवला आहे. पण मी तो आणणार नाही. प्रोग्रॅमिंगवाले स्वतः बटणं दाबून बघितल्याशिवाय घेत नाहीत. तू ये. दाब. मग घेऊ. किती का दिवस लागेनात.

तोवर हाच वापर. रोज चीड. रोज वर जायचा प्रयत्न कर.

बाईंनी बंदी उठवली. मी उद्याच येते. ताटली ढकलायची तर ढकल. हात झटकायचा तर झटक. पण आधी तेच पुन्हा विचार. काल चुकीच्या माणसाने उत्तर दिलं.

मी केलं. मी.